‘साहेब, मास्क’ हे म्हणायचं कोणी?

(मार्च २०२१, कोरोनाच्या दिवसांतलं पत्र आणि त्याचं उत्तर. यातले निर्बंध, नियम आणि दर तेव्हाचे.)

पत्र

ताई, नमस्कार. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ एका रिसॉर्टवर मी कामाला आहे. वय २४. सामान उचलणं, रूम साफ करणं, जेवण वाढणं, सगळंच करतो. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे रिसॉर्ट बंद झालं तेव्हा आम्हाला घरी पाठवलं, कित्येक महिने हातात काही नव्हतं. ऑक्टोबरात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, सफारीला सुरू झाला तेव्हापासून शनिवार-रविवार रूम भरतात.

पण पाहुणे मास्क घालत नाहीत. मागे एका साहेबांना मी हात जोडून म्हटलं, ‘साहेब, मास्क.’ ते म्हणाले, ‘पंधरा हजार मोजून आलो, तू मला शिकवणार?’ मॅनेजरनं मलाच माफी मागायला लावली. वर म्हणाला, अतिथी देवो भव. दुसऱ्या एका मॅडमनं मी सामान घेऊन गेलो तर डोक्यापासून पायापर्यंत सॅनिटायझर फवारला. डोळ्यात गेला. काही जण पाण्याचा जग हातात घेत नाहीत, खाली ठेव म्हणतात. मग तेच लोक रात्री चार कुटुंबं मिळून एका टेबलावर बिनमास्कचे बसतात.

रविवारी एक फॅमिली गेली. रूम साफ करताना डस्टबिनमध्ये तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. त्यांचा पोरगा सफारीला गेलाच नव्हता, खोलीतच झोपून होता. मॅनेजर म्हणतो, कोणाला सांगू नको.

घरी आजी आहे, बहात्तरची, दम्याची. मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाज टाकून झोपतो. बोरिंगवर पाणी भरायला गेलो तर बाया म्हणतात, ‘तुह्यापायी गावात बिमारी येईन.’ इकडून पाहुणे, तिकडून गाव. काम सोडू का? आणि नाही सोडलं तर पाहुण्यांना सांगू कसं?

– नाव छापू नका. तालुका भद्रावती

उत्तर

भाऊ,

आधी रविवारचं. पत्र मिळालं त्याच दिवशी हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, पण मोहर्ली, कोलारा, नागझिरा, चिखलदरा, जिथं जिथं लॉज आणि रिसॉर्ट आहेत तिथं तुझ्यासारखी पोरं हेच काम करताहेत. त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते.

तापाच्या गोळ्या सापडल्या म्हणजे कोरोनाच होता असं नाही. पण सध्याच्या दिवसांत तो नव्हता असं धरून चालता येत नाही. अमरावती आणि अचलपूर २२ फेब्रुवारी २०२१ ला बंद झाली, यवतमाळ-अकोल्यात निर्बंध आले, नागपूरचे आकडे रोज चढताहेत. आणि तुमच्याकडे शनिवारी गाड्या येतात त्या बहुतेक नागपूरकडूनच. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागतात. कधी दोन, कधी चौदा. म्हणून सोमवारी टेस्ट करून ‘निगेटिव्ह आलो’ म्हणत घरात शिरण्यात अर्थ नव्हता. संपर्कात आलेल्या माणसानं पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान एकदा तपासणी करावी असं आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, सांगणं आहे. ती झाली तरी चौदा दिवस सपरीतच. ताट वेगळं ठेव. आजीशी बोलायचं तर आंगणात, लांबून, दोघांच्याही तोंडाला मास्क.

आता मॅनेजरचं ‘कोणाला सांगू नको.’ त्या कुटुंबाचा मोबाइल नंबर रजिस्टरमध्ये आहे. मॅनेजरनं फोन लावायचा आणि विचारायचं, ‘मुलाची तब्येत कशी आहे? टेस्ट केली का? आमचा पोरगा रूममध्ये गेला होता म्हणून विचारतो.’ बहुतेक लोक अशा फोनवर खरं सांगतात, कारण एव्हाना त्यांनाही धाकधूक असते. मॅनेजर लावत नसेल तर तू परस्पर लावू नको. पाहुण्याचा नंबर वापरला म्हणून उद्या तुझ्यावरच यायचं. तू गावच्या आशाताईला सांग, नाहीतर उपकेंद्रातल्या नर्सबाईला. त्यांना कळवणं म्हणजे चुगली नव्हे, त्यांचं कामच ते आहे. तेही जमलं नाही तर कोरोनाच्या सरकारी हेल्पलाइनला, १०७५ ला, फोन कर.

आणि अशी खोली पुन्हा हाती आली तर लगेच आत शिरू नको. दारं-खिडक्या उघड, एसी बंद, पंखा चालू, आणि जमलं तर २४ तास तशीच राहू दे. ही बिमारी पलंगाच्या कठड्यापेक्षा कोंडलेल्या हवेतून जास्त पसरते; लोक मात्र कठडे पुसत बसतात आणि खिडकी उघडत नाहीत. चादरी झटकायच्या नाहीत, गुंडाळून पिशवीत भरायच्या आणि गरम पाण्यात साबण टाकून धुवायच्या. संडास-बाथरूमला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, वापरता, ठीक. पण त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नको, एकामागून एकही ओतू नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर कोरोनाच्या आधी तोच तुला दवाखान्यात नेईल. हे एवढ्यासाठी लिहिते की ‘डबल पॉवर’ म्हणून दोन्ही बाटल्या एकत्र ओतणारी हॉटेलं मला माहीत आहेत.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. पाहुण्याला मास्क सांगायचा कसा, असं तू विचारतोस. मी म्हणते, तो तू सांगायचाच कशाला?

पगाराच्या उतरंडीत सगळ्यात खाली जो उभा आहे, त्यानं सगळ्यात जास्त पैसे मोजणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं, आणि म्हटल्यावर माफीही त्यानंच मागायची. ही वाटणी कोणी केली? तुझ्या मालकानं. मुद्दाम नसेल केली, पण त्यानं स्वतः तोंड उघडलं नाही म्हणून ते काम घरंगळत तुझ्यापर्यंत आलं. हॉटेलांसाठीची नियमावली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ४ जून २०२० ला काढली आहे. मास्क असेल तरच आत प्रवेश, पाहुण्याचा असो की कामगाराचा. लक्षणं नसतील तरच प्रवेश. प्रवास कुठून, तब्येत कशी, याचं लेखी निवेदन रिसेप्शनवरच भरून घ्यायचं. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर हॉटेलनं पुरवायचे, कामगारांना आणि पाहुण्यांनाही. राज्यानं ८ जुलैला हॉटेलं उघडायला परवानगी दिली ती अशा अटींवरच. यातली एकही अट ‘रूम बॉयनं हात जोडून विनंती करावी’ अशी नाही.

त्या तापाच्या पोराचा बापही रिसेप्शनवर निवेदन भरूनच आत आला असता, तर एकतर खरं लिहिलं असतं, नाहीतर खोटं लिहिताना हात अडखळला असता. तुमच्याकडे तो कागद भरून घेतच नाहीत, असं तू फोनवर म्हणालास. मग पोरगा आजारी आहे हे विचारलं कोणी, आणि लपवलं कोणापासून? मला त्या कुटुंबाचा राग येतो, पण अर्धाच.

‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या मॅनेजरला माझ्यातर्फे एक आठवण करून दे. देवालाच आपण आठ महिने कुलपात ठेवलं होतं. राज्यातली मंदिरं उघडायला परवानगी मिळाली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला, आणि तीही मास्क, अंतर, मोजके भाविक अशा अटींवर. देवाला नियम चालला, तर नागपूरहून आलेल्या पाहुण्यालाही चालेल.

तरी प्रसंग येतोच. मॅनेजर कुठंतरी गेलेला असतो, गाडी दाराशी उभी राहते, चार माणसं उतरतात, चारही तोंडं उघडी. तेव्हा हात जोडायचे ते नमस्कारापुरते. तू विनवणी करतोस, आणि विनवणी मोडणं फार सोपं असतं. सरळ म्हण, ‘नमस्कार साहेब. रूम तयार आहे. मास्क लावा, मी सामान घेतो.’ आणि थांब. चार-पाच हात लांब उभा राहा आणि बॅगेला हात लावू नको. बॅग जमिनीवर असते तोवर पाहुणाही तिथंच उभा असतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. समोरच्यानं आवाज चढवला तर वाद नको: ‘मी मॅनेजरसाहेबांना बोलावतो’, एवढं म्हणून निघ. आणि एक वाक्य हमखास चालतं: ‘गेटवर मास्कशिवाय सोडत नाहीत साहेब, आत्ताच लावलेला बरा.’ तुझ्या तब्येतीसाठी मास्क न लावणारा माणूस सफारी बुडेल या भीतीनं लावतो. वाईट वाटून घेऊ नको, लागला म्हणजे झालं.

आजीचं मात्र सांगू नको. ‘घरी म्हातारी आहे साहेब, दम्याची आहे’ असं तू त्या साहेबांना म्हणालास, हे फोनवर सांगितलंस तेव्हा मला बरं वाटलं नाही. नियम पाळायला लावण्यासाठी स्वतःच्या घरचं दुःख अनोळखी माणसापुढे मांडायची गरज नाही. दया आली तर मास्क लावीन, नाही आली तर नाही, अशी मुभा आपणच त्याला देतो.

घरी विसरलो म्हणणाऱ्यांसाठी काउंटरवर मास्कचा डबा ठेवायला सांग. तीनपदरी मास्कची किंमत राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्ये ४ रुपये ठरवून दिली होती. पंधरा हजारांच्या बुकिंगात ४ रुपये. मालक नाही म्हणणार असेल तर कोणत्या तोंडानं म्हणतो ते एकदा बघून ये. पुढे झडपेचं बटण असलेला एन-९५ लावून मिरवणारे पाहुणेही असतात. ती झडप बाहेर पडणारी हवा न गाळताच सोडते. घालणारा सुरक्षित, समोरचा नाही. केंद्रानं जुलै २०२० मध्येच तो वापरू नका म्हणून कळवलं होतं. अशा पाहुण्याला काही म्हणू नको, डब्यातला साधा मास्क पुढे कर.

हे झालं ओरडणाऱ्या साहेबांचं. पण मला खरी काळजी त्यांची नाही.

सकाळची सफारी आटोपून जिप्सी परत येतात ती वेळ आठव. जिप्सीत प्रत्येकानं धुळीसाठी डोळ्यांखालपर्यंत दुपट्टा, स्कार्फ गुंडाळलेला असतो, कोणी सांगावं लागत नाही. उघडी गाडी, वारं लागतंय, तिथं धोका तसा कमीच. रिसॉर्टवर उतरले की तो दुपट्टा सुटतो. केसांत लाल माती, पोटात भूक, आणि वाघ दिसलेला. मग काय आवाज! सगळे एकदम बोलतात, आलूबोंड्याच्या परातीभोवती गर्दी, एकच चिमटा या हातातून त्या हातात. आणि त्यातलाच एक भला काका, जो तुला नावानं हाक मारतो, टिप देतो, तो मोबाइल पुढे करतो: ‘बघ बघ, तुमची वाघीण! पिल्लं मोज!’ ऊन असतं, स्क्रीन दिसत नाही, म्हणून तू वाकतोस. तोही वाकतो. दोघांची डोकी एका मोबाइलवर, मधे वीतभरही जागा नाही, आणि तो हसत हसत बोलतोय.

ओरडणारा साहेब पाच हातांवरून ओरडला. हा काका तुझ्या गालाशी येऊन बोलला. बिमारी माया आणि माज यांत फरक करत नाही. म्हणून भल्या माणसापाशी जास्त जपायचं, आणि तिथंच आपण विसरतो, कारण त्याचं मन मोडवत नाही. त्याला म्हण, ‘काका, व्हॉट्सॲपवर टाका ना, घरी दाखवतो.’ तो खूश होईल आणि तुझं डोकंही बाजूला राहील. सेल्फीसाठी खांद्यावर हात टाकणाऱ्यांनाही असंच: ‘थांबा, मीच तुमचा काढतो.’

तो नाश्ता हॉलमधून बाहेर काढायला लाव. तुमच्या हॉलला बंद काचा आणि एसी. खोलीतला एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच थंड करून फिरवत राहतो, म्हणजे एकाचा श्वास सगळ्यांच्या वाट्याला. अजून ऊन तापायचं आहे, सकाळी दहापर्यंत झाडाखाली बसवता येतं. माकडं येतात, मला माहीत आहे. एक जण काठी घेऊन उभा करा. परातीवर वाढायलाही एकच माणूस, चिमटा त्याच्याच हातात, तोही मास्क लावलेला.

आता जे तू लिहिलं नाहीस त्याबद्दल. पत्रात पाहुण्यांबद्दल एवढं सगळं आहे, तुम्ही पोरं राहता त्या खोलीबद्दल एक ओळ नाही. मी याच भागातली आहे, म्हणून विचारते. सीझनमध्ये ड्यूटी लांबली की तिथंच झोपता ना? एका खोलीत सहा-सात जण, डासांमुळे खिडकी बंद, जेवायला गोल करून बसणं, आणि जेवणानंतर सुपारी-तंबाखूचा खर्रा. एक पन्नी, त्यात सगळ्यांची बोटं. खर्रा तोंडात असला की मास्क हनुवटीवर, आणि पिंक टाकायला तो आणखी खाली. पाहुण्यासमोर तू दहा मिनिटं उभा असतोस, या खोलीत दहा तास. तुमच्यातल्या एकाला झालं तर आठवड्यात सगळ्यांना होईल आणि तुझ्या सपरीपर्यंत येईल, नाव मात्र पाहुण्यांचं होईल. खर्रा सोड असं मी म्हणणार नाही, म्हणजे म्हणते, पण तू आज सोडणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. निदान पन्नी ज्याची त्याची असू दे. खिडकीला जाळी मारा, रात्रभर उघडी ठेवा. जेवण आंगणात, लांब लांब बसून.

सॅनिटायझर फवारणाऱ्या बाईंचं काय करायचं? माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्यानं डोळ्यांना-कातडीला इजा होते आणि उपयोग काहीच नाही, असं आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट सांगितलंय. पुन्हा कोणी बाटली रोखली तर एक पाऊल मागे हो आणि तळवे पुढे कर: ‘मॅडम, हातावर द्या.’ डोळ्यात गेलंच तर काही मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहा, चोळू नको. आणि सॅनिटायझर लागलेले ओले हात घेऊन किचनमध्ये शेगडीपाशी जाऊ नको, ते पेटतं.

पाण्याच्या जगचं जरा वेगळं आहे. जग दाराशी ठेव म्हणणं यात चूक काही नाही, खोलीतलं खाणंपिणं दाराशी ठेवावं हीच या दिवसांतली रीत आहे. तुला ते लागलं, आणि का लागलं ते मला कळतं. आपल्या आज्यापणज्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलेलं आठवतं; दीक्षाभूमी तुझ्या गावापासून काही फार लांब नाही. मग ओळखायचं कसं, हा पाहुणा बिमारीला भितो की तुला कमी लेखतो? मी हे बघते की तो नियम दोन्हीकडून पाळतो का. तुझ्यापासून लांब राहणारा माणूस तू आल्यावर स्वतः मास्क वर ओढतो का? शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरसाहेबांपासूनही तेवढाच लांब बसतो का? बसत असेल तर तो घाबरलेला माणूस आहे, त्याला घाबरू दे. पण जो तुझ्या हातचा जग जमिनीवर ठेवायला लावतो आणि मग अनोळखी चार कुटुंबांच्या ताटातले कबाब उचलतो, त्याचं तुझ्याशी जे चाललंय त्याचा कोरोनाशी संबंध नाही. तिथं जग जमिनीवर ठेवायचा नाही. दाराबाहेर एक स्टूल मागून घे, जग स्टुलावर.

गावाचंही याच मापानं बघ. बोरिंगवरच्या बाया २०२० च्या एप्रिलमध्ये गावच्या वेशीवर काट्या आणि बैलबंडी आडवी लावणाऱ्यांच्याच घरातल्या आहेत. पुण्याहून पायी आलेल्या आपल्याच पोरांना तेव्हा त्यांनी शाळेत ठेवलं होतं. त्यांना भीती आहे, आणि या चौदा दिवसांपुरती ती अगदीच खोटी नाही. भांडू नको. हे दोन आठवडे पाणी भावाला किंवा आईला भरू दे. नंतर मात्र जायचं, गर्दी नसेल तेव्हा, मास्क लावून. परत कोणी म्हटलंच, ‘काऊन रे, तुह्यापायी...’ तर सांग की टेस्ट केली, कागद दाखवतो. आणि त्यांना विचार, मागच्या महिन्यातल्या लग्नाच्या पंगतीत किती जण होते, आणि मास्क किती जणांना होता.

आजीसाठी एक काम याच आठवड्यात. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरच्यांना कोरोनाची लस सुरू झाली, सरकारी दवाखान्यात फुकट. भद्रावतीच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी कर, आधार कार्ड लागेल. तू चौदा दिवस बाहेर आहेस म्हणून तू नेऊ नको, भावाला पाठव. दमा आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. गावात कोणी काहीबाही सांगतील, लसीनं माणूस मरतो वगैरे. त्यांच्याशी वाद घालण्यात आजीचा दिवस घालवू नका. तुमच्या आचाऱ्यांना शुगर आहे आणि ते ५८ चे आहेत, असं तू म्हणालास. ४५ ते ५९ मधल्या ठरावीक आजार असलेल्यांनाही त्याच दिवसापासून लस सुरू झाली, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर; त्यांची शुगर त्यात बसते का ते डॉक्टरांना विचारा. तोवर त्यांनी भटारखान्यातच राहावं, जेवण कसं झालं विचारायला टेबलाटेबलावर फिरू नये. मालकाला ते फिरणं आवडतं, पण नियमावलीतही अशा माणसांना पाहुण्यांच्या थेट समोर ठेवू नका असंच आहे.

काम सोडू का, याचं उत्तर: आज नको. मोहाची फुलं पडायला लागलीत, पण त्यांचा हंगाम महिना-दीड महिन्याचा, आणि पहाटे एकट्यानं खाली वाकून मोहफुलं वेचणाऱ्यांवर वाघ झडप घालतो, हे तुझ्या तालुक्यात मी काय सांगावं. रोजगार हमीची २०२०-२१ ची मजुरी दिवसाला २३८ रुपये, काम निघालं तर. रिसॉर्टचा पगार त्याहून बरा आहे आणि घर त्यावर चाललंय. पण या कामातल्या काही गोष्टी बदलल्या नाहीत तर मग सोड, आणि तेव्हा अपराधी वाटून घेऊ नको.

मॅनेजरकडे एकटा जाऊ नको. तुम्ही तिघं-चौघं, जमलं तर एखादा जिप्सीवाला सोबत घेऊन जा, पाहुणे निघून गेल्यावर, सोमवारी दुपारी. रागानं नाही. त्याला हे सांगा की तुमच्यातल्या एकाला झालं तर सगळा स्टाफ घरी बसेल आणि होळीची बुकिंगं त्याला एकट्याला वाढावी लागतील. मग मागा. बुकिंगच्या वेळीच नियमांचा मेसेज जावा. चेक-इनला मॅनेजर स्वतः उभा राहावा आणि निवेदन भरून घ्यावं. आजारी पाहुण्याची खोली एक दिवस बंद राहावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर अडून बसायचं ते हे: ज्याला ताप आला त्याचा पगार कापायचा नाही. तुझ्या मॅनेजरनं तो ताप लपवायला सांगितला ते बुकिंगसाठी, पण उद्या तुमच्यातला एखादा पोरगा रोज बुडेल म्हणून स्वतःचा ताप लपवील, गोळी खाऊन वाढायला उभा राहील, आणि मग पाहुण्यांना तुमच्याकडून होईल. ही गोष्ट मालकाला लगेच कळेल, कारण यात त्याचं नाव जातं.

बाकी सगळं ऐकून घेऊन ‘मेसेज कोण लिहिणार’ यावर गाडी अडकते, असा माझा अनुभव आहे. म्हणून तो लिहूनच देते. मॅनेजरच्या मोबाइलवर टाक, त्यानं फक्त पुढे पाठवायचा:

‘नमस्कार. आपलं बुकिंग पक्कं झालं आहे. येताना प्रत्येकी मास्क आणावा. रिसॉर्टच्या आवारात आणि सफारी गेटवर तो लागतोच. घरात कोणाला ताप, खोकला किंवा वास न येणं असा त्रास असेल तर कृपया निघण्याआधी फोन करावा, आम्ही तारीख बदलून देऊ, पैसे बुडणार नाहीत. इथं आल्यावर बरं वाटेनासं झालं तर रिसेप्शनला लगेच सांगावं, डॉक्टरांची सोय आम्ही करू. नाश्ता आणि जेवण बाहेर झाडाखाली असेल. खोलीत काही हवं असल्यास फोन करावा, आमचा माणूस दाराशी आणून ठेवील. आपण मास्क लावूनच दार उघडावं. सकाळच्या सफारीसाठी ओळखपत्र जवळ ठेवावं. मंगळवारी ताडोब्याचा कोअर बंद असतो.’